पावसाचा हिशेब नक्षत्रांत मांडा

जून संपला की पावसाचे तक्ते प्रसिद्ध होतात. अमुक जिल्ह्यात महिन्याच्या सरासरीइतका, तमुक जिल्ह्यात सरासरीपेक्षा थोडा कमी. आकडे खरे असतात, पण ज्याला पेरणीचा निर्णय घ्यायचा आहे त्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. सगळा पाऊस पहिल्या पंधरवड्यात पडून पुढे उघडीप पडली तरी महिन्याचा आकडा तोच. अठ्ठावीस तारखेपर्यंत टिपूस नाही आणि शेवटच्या दोन दिवसांत ओढ्यांना पूर आले तरीही तोच. गावात याच पावसाचे वर्णन एका वाक्यात होते: मृग कोरडा गेला, आर्द्रात पाऊस झाला. या वाक्यात महिन्याच्या आकड्यापेक्षा जास्त माहिती आहे, कारण पाऊस कधी नव्हता आणि कधी आला हे त्यातून कळते, आणि कोणते पीक आता घ्यायचे, कोणते सोडायचे हे त्यावरूनच ठरते. म्हणून हवामानाचे अंदाज, कृषी सल्ला आणि पर्जन्यमानाचे सरकारी तक्ते यांत इंग्रजी तारखांच्या जोडीने पावसाची नक्षत्रेही यायला हवीत, असे माझे म्हणणे आहे. परंपरा जपावी म्हणून मी हे मागत नाही. आपल्या पावसाच्या चालीला बसणारे एक चांगले माप आपल्यापाशी आहे आणि ते कामाच्या जागी वापरले जात नाही, एवढ्यासाठी मागतो आहे.

या विषयावर बोलताना एक गैरसमज आधी दूर करावा लागतो. पंचांग म्हटले की तिथी, तिथी म्हटली की चंद्र, आणि चंद्राचे महिने तर मागेपुढे सरकतात. मग त्यावर शेतीचा हिशेब कसा ठेवायचा, असे अनेक शिकलेल्या लोकांना वाटते. महिन्यांबाबत ते बरोबरच आहे. महाराष्ट्रातला श्रावण २०२२ मध्ये २९ जुलैला लागला. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू झाला, २०२४ मध्ये तो ५ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये २५ जुलैला. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, तर पुढच्याच वर्षी १७ जुलैला. पेरण्या उरकून वारीला निघणे एखाद्या वर्षी सहज जमते आणि एखाद्या वर्षी मुळीच जमत नाही, त्याचे एक कारण हे आहे. पावसाची नक्षत्रे मात्र चंद्राची नाहीत. चंद्र रोज एक नक्षत्र ओलांडतो, ते दिवसाचे नक्षत्र. मृग लागला असे शेतकरी म्हणतो तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात गेलेला असतो. सूर्याला सत्तावीस नक्षत्रे फिरायला एक वर्ष लागते. त्यामुळे अधिक महिना येवो न येवो, मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो. रोहिणी २५ मेच्या सुमारास, आर्द्रा २२ जूनच्या, पुनर्वसू ६ जुलैच्या, पुष्य २० जुलैच्या, आश्लेषा ३ ऑगस्टच्या, मघा १७ ऑगस्टच्या आणि हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास. शेतकऱ्याने हे पक्के सौर पंचांग शतकानुशतके चालवले आहे.

या मापाची लांबीही पाहण्यासारखी आहे. वर्षाचे सत्तावीस भाग केले तर एक भाग साडेतेरा दिवसांचा होतो. पण सूर्याची दिसणारी गती वर्षभर सारखी नसते. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते, त्यामुळे त्या काळात सूर्य तारकांमधून किंचित सावकाश सरकतो आणि पावसाळ्यातले प्रत्येक नक्षत्र जवळजवळ चौदा दिवस टिकते. म्हणजे दोन आठवडे. आता आधुनिक शेतीशास्त्र पावसाच्या विलंबाचा विचार कोणत्या मापात करते ते पाहा. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने जिल्हावार आपत्कालीन पीक आराखडे केले आहेत. पाऊस दोन आठवडे लांबला तर काय पेरायचे, चार आठवडे लांबला तर काय, सहा आठवडे लांबला तर काय, अशी त्यांची मांडणी आहे. या पायऱ्या जवळजवळ नक्षत्रांच्याच आहेत: मृग गेला, आर्द्रा गेली, पुनर्वसूही गेला. मूग-उडदाची वेळ टळली की शेतकरी त्यांचा नाद सोडतो आणि तूर-बाजरीकडे वळतो. आराखडाही वेगळे सांगत नाही. हवामान खात्याचा विस्तारित पल्ल्याचा अंदाज दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांसाठी निघतो. महिन्याचे माप पिकाच्या निर्णयाला फार ढोबळ पडते आणि दिवसाचे फार बारीक, हे शास्त्रज्ञांनी केव्हाच ओळखले आहे. त्यांनी वर्षाचे ५२ प्रमाण आठवडे पाडले आहेत. ४ ते १० जून हा तेविसावा. संशोधनाला ही व्यवस्था उत्तम आहे. पण तेविसाव्या आठवड्यात पेरणी करा असे बांधावर कोणाला सांगून उपयोग नाही.

नक्षत्रांना मात्र बांधावर नावगाव आहे. कोकणात आणि गोव्यात मृगाचा मिरग होतो. अनेक भागांत पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघा-पूर्वाचा सासूसुनांचा. मृगात ओल्या मातीवर लाल मखमली अंगाचा बारीक जीव फिरताना दिसतो, त्याचे नावच मृगाचा किडा. कोकणात भाताचा तरवा रोहिणीत धूळपेरणीने टाकायचा आणि लावणी पुढच्या नक्षत्रांत करायची, हा क्रम ठरलेला आहे. नवरात्राच्या सुमारास मुली फेर धरतात तो हादगा हस्त नक्षत्राचा, पाटावर काढायचा हत्ती त्याचाच. सोलापूर-मराठवाड्याकडच्या रब्बी ज्वारीची पेर उत्तरा-हस्ताच्या ओलीवर होते; सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा तो काळ. हवामान खात्याचा पावसाळा मात्र कागदोपत्री १ जून ते ३० सप्टेंबर असा असतो. म्हणजे हस्त लागून चारच दिवस होतात आणि हंगामाचा तक्ता मिटतो. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख खात्यानेच ८ ऑक्टोबर धरली आहे. ज्या पावसावर ज्वारीचे आणि कडब्याचे, म्हणजे माणसांचे आणि जनावरांचे वर्ष ठरते, तो असा दोन तक्त्यांत विभागला जातो. नक्षत्रवार हिशेब ठेवला तर हस्ताचा पाऊस एका रकान्यात सलग दिसेल.

राज्यकारभाराने नक्षत्राचा आधार घ्यावा हे कोणाला विचित्र वाटत असेल तर त्याने मराठ्यांची दप्तरे पाहावीत. शिवकाळात आणि पेशवाईत महसुलाच्या कागदांवर शुहूर सन घालत. आकडे अरबी शब्दांत लिहीत. १७६०-६१ चे, म्हणजे पानिपतचे वर्ष इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. हा सन दख्खनमध्ये चौदाव्या शतकात, तुघलकांच्या काळात सुरू झाला असे मानतात. हिजरी वर्ष चंद्राचे, ३५४ दिवसांचे. ते दरवर्षी अकरा दिवसांनी मागे सरकते आणि तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. वसुली पिकावर आणि वर्ष चंद्रावर, हे जमण्यासारखे नव्हते. म्हणून सनाचे आकडे हिजरीतून घेतले आणि वर्ष सौर केले. या सौर वर्षाचा पहिला दिवस कोणता? सूर्य मृगात जातो तो. म्हणूनच या सनाला मृगसाल असेही म्हणत. नाव अरबी, आकडे अरबी, आरंभ मृगाचा, आणि तो वापरणारे हिंदवी स्वराज्य. नक्षत्रांचा उल्लेख सरकारी कागदावर आला की एका धर्माचे पंचांग सर्वांवर लादले जाईल, ही शंका ज्यांना येते त्यांच्यासाठी एवढा इतिहास पुरेसा आहे. मिरग मुसलमान शेतकऱ्याचाही आहे आणि गोव्यातल्या ख्रिस्ती शेतकऱ्याचाही, कारण तो पेरणीचा आहे.

आजचे सरकारही या शब्दांना अगदी अनोळखी नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेचे शासन निर्णय मृग बहार आणि आंबिया बहार अशा दोन हंगामांसाठी निघतात. संत्रा, मोसंबी, डाळिंब, पेरू यांच्या बागाइतदाराला मृग बहाराचा विमा कधी भरायचा हे समजावून सांगावे लागत नाही. जिथे पैशाचा व्यवहार आहे आणि समोरच्याला नेमके कळणे गरजेचे आहे, तिथे सरकारने हा शब्द आपणहून उचलला आहे. केरळ याच्याही पुढे गेले आहे. तिथे या सौर नक्षत्रांना ञाट्टुवेला म्हणतात. आर्द्रेच्या ञाट्टुवेलेत मिरीचे वेल आणि रोपे लावतात, आणि तिथला कृषी विभाग त्याच काळात त्याच नावाने रोपांचे बाजार आणि शेतकरी सभा भरवतो. आंध्र-तेलंगणात याच नक्षत्रांना कार्ते म्हणतात, कर्नाटकात नक्षत्राच्या नावापुढे मळे म्हणजे पाऊस हा शब्द जोडतात. दक्षिणेतल्या एवढ्या मोठ्या प्रदेशाने ज्या मापाने आपला पाऊस मोजला, ते निव्वळ योगायोगाने टिकलेले नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप अंधश्रद्धेचा. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेले असते. हत्ती, बेडूक किंवा म्हैस असेल तर पाऊस चांगला, गाढव, उंदीर किंवा मेंढा असेल तर कमी, असे मानतात. हे वाहन काढण्याची रीत अशी: सूर्याच्या नक्षत्रापासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, येणाऱ्या संख्येला नऊने भागायचे आणि बाकी किती उरते ते पाहायचे. या गणितात समुद्राचे तापमान नाही, वाऱ्याची दिशा नाही, हवेचा दाब नाही. त्यामुळे त्यातून पावसाचा अंदाज निघू शकत नाही. शिवाय महाराष्ट्रभर सर्वत्र वाहन एकच, आणि पाऊस मात्र आंबोलीला वेगळा, आटपाडीला वेगळा. वाहनांवर विसंबून पेरणी करणे नुकसानीचे आहे आणि सरकारी पत्रकात वाहनांना तसूभरही जागा असू नये, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. पण वाहन हे भाकीत आहे आणि नक्षत्र हा कालखंड आहे. राशिभविष्य खोटे म्हणून आपण मकरसंक्रांतीचा दिवस नाकारत नाही. उलट हवामान खात्याने नक्षत्राचे नाव घेऊन, त्या चौदा दिवसांत पाऊस किती अपेक्षित आहे ते शास्त्राच्या आधारे सांगितले तर वाहनांचा आधार घेण्याची गरज कमी होईल. आज ती जागा रिकामी आहे आणि म्हणून तिथे गाढव आणि बेडूक बसले आहेत.

दुसरा आक्षेप हवामानबदलाचा. पाऊस आता मृगाला येतोच कुठे, मग ही नावे कशाला, असे हल्ली सर्रास ऐकू येते. उदाहरणेही खरी आहेत. २०२३ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोहोचला, २०२५ मध्ये २६ मेला. दोन वर्षांच्या अंतराने एक महिना पुढेमागे! मात्र हेच दोन प्रसंग नक्षत्रांत मांडून पाहा. २०२३ चा पाऊस आर्द्रात आला, २०२५ चा रोहिणीत. म्हणजे पहिल्या वेळी मृग पूर्ण कोरडा गेला आणि दुसऱ्या वेळी पाऊस मृगाच्या आधी एक नक्षत्र लागला. पट्टीवरचे आकडे जागचे हलत नाहीत म्हणूनच कापड किती कमी भरले ते सांगता येते. मृग म्हणजे पावसाची हमी, असा अर्थ घेतला तर ती हमी पूर्वीही अनेकदा मोडली आहे. दुष्काळ काही आजच पडू लागलेले नाहीत. मृग म्हणजे ७-८ जून ते २१-२२ जून हा काळ, एवढाच अर्थ घेतला तर बदलत्या हवामानात त्याची गरज वाढते. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हा आकडा सर्वांनी छापला. पण आश्लेषा कोरडी, मघा कोरडी, असे म्हटले असते तर सोयाबीनच्या फुलोऱ्यावर आणि शेंगांवर काय वेळ आली हे कोणत्याही शेतकरी घराला लगेच समजले असते. पन्नास वर्षांचे नक्षत्रवार आकडे हाताशी असतील तर मृगाचा पाऊस खरोखर घटला की नुसता लहरी झाला, हस्ताचा वाढला की नाही, या प्रश्नांची उत्तरे गावकीतल्या आठवणींवर सोडावी लागणार नाहीत.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो ऐकून घ्यायलाच हवा. नक्षत्रे ताऱ्यांना बांधलेली, ऋतू संपाताला, म्हणजे दिवसरात्र समान असताना सूर्य असतो त्या बिंदूला बांधलेले, आणि संपात तर मागे सरकतो. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओरायन या ग्रंथात हाच आधार घेऊन, वसंतसंपात मृग नक्षत्रात होता तेव्हाच्या वैदिक काळाची चर्चा केली. ही गोष्ट खरी आहे: सुमारे ७१-७२ वर्षांत नक्षत्राची तारीख एका दिवसाने पुढे जाते. शिवराज्याभिषेकाच्या काळी मृग आजच्या तारखेच्या पद्धतीने पाहिले तर साधारण पाच दिवस आधी लागत असे. पण मोसमी पावसाचे आगमन वर्षावर्षाला दोन-तीन आठवड्यांनी बदलते; त्याच्यापुढे एका माणसाच्या आयुष्यातला एका दिवसाचा फरक जमेस धरण्याजोगा नाही. पंचांगांमधला मतभेद त्यापेक्षा मोठा आहे. टिळक पंचांगाचा आरंभबिंदू वेगळा असल्यामुळे त्याची नक्षत्रे प्रचलित पंचांगांच्या सुमारे चार दिवस आधी लागतात. सरकारी वापरासाठी एकच गणित घ्यावे लागेल हे उघड आहे, आणि ते तयार आहे. राष्ट्रीय पंचांग मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघते. ते तयार करणारे कोलकात्याचे पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर हे भारतीय हवामान खात्याचाच एक भाग आहे. पावसाचा अंदाज देणारे आणि पंचांगाचे गणित करणारे खाते एकच आहे, फक्त या दोन कामांची अजून एकमेकांशी गाठ पडलेली नाही.

चौथा आक्षेप अनुभवातून आलेला आहे. सरकारने एकदा राष्ट्रीय पंचांग करून पाहिले, ते कोणी वापरले? १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. आपल्याकडचे ज. स. करंदीकर आणि के. ल. दप्तरी तिच्यावर होते. १९५५ मध्ये अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ या दिवशी १ चैत्र शके १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. गणित निर्दोष होते, महिने ऋतूंना घट्ट बांधलेले होते. तरीही ती राजपत्राच्या मथळ्यापुरती आणि आकाशवाणीच्या निवेदनापुरती उरली. याचे कारण ८ जून २०२३ या एका दिवसावरून कळते. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातल्या पद्धतीने तो ज्येष्ठ १८, शके १९४५. घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती ज्येष्ठ वद्य पंचमी. दोन्हीकडे महिना ज्येष्ठ, शक तोच, आणि तरी दिवस निराळा. लोकांच्या तोंडी पक्क्या बसलेल्या नावांना समितीने दुसरा अर्थ दिला, आणि लोकांनी आपला अर्थ सोडला नाही. त्याच ८ जूनला सूर्य मृगात गेला, आणि त्याबद्दल गावागावांत एकवाक्यता होती. साहा समितीने लोकांकडून नवी सवय मागितली होती. इथे मागणी उलट्या दिशेची आहे: लोकांची सवय तीच राहील, बदलायचे आहे ते सरकारी पत्रक.

नव्या पिढीला नक्षत्रे कळत नाहीत, असेही म्हटले जाते. शहरात ते बऱ्याच अंशी खरे आहे, खेड्यात तितके नाही. पण मिलिमीटर, अल् निनो, कमी दाबाचा पट्टा हे शब्दही चाळीस वर्षांपूर्वी सगळ्यांना कळत नव्हते. वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ते रोज वापरले म्हणून रुळले. रोजच्या हवामानाच्या चौकटीत आज पुष्य नक्षत्राचा पाचवा दिवस एवढी एक ओळ आली तर वर्षभरात शहरातले वाचकही ते धरतील.

करायचे काम मोठे नाही. ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रके दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचा मराठी कृषी सल्ला लाखो शेतकऱ्यांपर्यंत जातो. त्यात तारखेशेजारी सूर्यनक्षत्र लिहावे आणि त्या नक्षत्राचे किती दिवस उरले ते सांगावे. महावेध प्रकल्पामुळे महसूल मंडळागणिक रोजच्या पावसाच्या नोंदी आता साठत आहेत; त्यांची बेरीज महिन्यावार होते तशी नक्षत्रवारही करावी आणि शक्य तितक्या मागच्या वर्षांचे आकडे काढून प्रत्येक तालुक्याची नक्षत्रवार सरासरी जाहीर करावी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला दरवर्षी येतो आणि पहिल्या सरीबरोबर अनेकदा विसरला जातो. आपल्या मंडळात मृगाची सरासरी इतकी, त्यातला पाऊस आजवर इतका झाला आणि मृगाचे सहा दिवस अजून बाकी आहेत, असे सांगितले तर थांबण्याला कारण मिळेल, आणि दुबार पेरणीचा खर्च किती असतो हे ज्याने तो सोसला आहे त्याला वेगळे सांगायला नको. यासाठी कायदा लागत नाही, नवी समितीही लागत नाही. पहिले पत्रक रोहिणी लागण्याआधी, म्हणजे २५ मेच्या आत निघाले पाहिजे, कारण खते-बियाण्यांची खरेदी त्याच सुमारास होते.